वाईट स्वप्न पडलं तर कुणाला सांगायचं?

मैत्रिणींनो, या महिन्याचा पाठ झोपेचा आणि स्वप्नांचा आहे. नेहमीप्रमाणे बैठकीत एकीने मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा, आणि मध्येच कुणाला काही आठवलं तर वाचन थांबवून बोलायचं. गटाच्या बैठकीत स्वप्नांचं काय काम, असं काहीजणींना वाटेल. पण हा विषय निघाला तोच कर्जाच्या मागणीवरून, म्हणून तिथूनच सुरू करते.

आमच्याकडच्या एका गटाची बैठक चालू होती. बचत गोळा झाली, परतफेड लिहून झाली, आणि अंतर्गत कर्जाची मागणी निघाली. एका ताईने सहा हजार मागितले. कर्ज कशासाठी ते विचारायचं आणि ठरावात लिहायचं, हा आपला नियम. सचिवताईने विचारलं, "कारण काय लिहू?"

"घरखर्च."

"घरखर्च म्हणजे कशाला गं?"

ती गप्प. डोळ्यांखाली काळं झालेलं. मघाशी पैसे मोजताना दोनदा चुकली होती, आणि ही ताई हिशोबात कधी चुकत नाही. शेवटी म्हणाली, "लिही काहीबी. मला रातीला झोप लागंना. डोळा लागला की वाईट दिसतंय. एकजण हाय, बाहेरचं बघतो. उतारा करायचा, ताईत बांधायचा, सहा हजार म्हणतोय."

एकजण हसली. एक म्हणाली, देऊन टाका, जिवापेक्षा पैसा मोठा आहे का. एक म्हणाली, "काय दिसतंय ते सांगू नको बाई, सांगितलं की खरं होतं." तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या मावशी बोलल्या. एरवी त्या सही करण्यापुरतं तोंड उघडतात. म्हणाल्या, "हसू नका गं. मला तीस वर्सं झाली, एकच सपान पडतंय."

त्या दिवशी बैठक दोन तास लांबली. पुढे जे लिहिते आहे ते दोघींना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि गाव गाळलं आहे. ओळखीचं वाटलं तरी शोधत बसू नका.

झोपेत काय चालतं

रात्रभर आपली झोप एकसारखी नसते. ती फेऱ्यांनी येते. साधारण दीड तासाची एक फेरी, अशा रात्रीतून चार-पाच फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत आधी गाढ झोप लागते, आणि शेवटी एक वेगळीच झोप येते. माणूस झोपलेला असतो, पण मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलत असतात. घरात कुणी झोपलेलं असताना पाहा, लहान लेकरात चटकन दिसतं. १९५३ साली अमेरिकेत शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी ही झोप पहिल्यांदा नीट नोंदवली. या झोपेत असताना माणसाला उठवलं तर बहुतेक वेळा तो म्हणतो, स्वप्न पडत होतं.

या झोपेत मेंदूचा भावना सांभाळणारा भाग जोरात चालतो, म्हणजे भीती, राग, माया हे सगळं जागं असतं. आणि "असं कसं होईल?" म्हणून विचारणारा भाग मंदावलेला असतो. त्यामुळे स्वप्नात मेलेली आजी चुलीपुढं बसून भाकऱ्या थापते आणि आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. भीती मात्र खरीखुरी वाटते. छाती धडधडते, घाम येतो, लुगडं भिजतं. स्वप्न खोटं असलं तरी घाम खरा असतो, म्हणून घाबरलेल्या बाईला "काही नाही, स्वप्नच आहे" एवढं म्हणून सोडून देऊ नये.

आणखी एक गोष्ट. या झोपेत हातापायाचे स्नायू शरीर जणू बंद करून ठेवतं. ते बरंच आहे, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खाटेवरून उठून खरंच पळाला असता. कधीकधी गंमत अशी होते, की मन जागं होतं आणि शरीराचं कुलूप अजून उघडलेलं नसतं. डोळे उघडे, खोली दिसते, पण हात हलत नाही, हाक मारावी तर आवाज फुटत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. आपल्याकडे याला भूत म्हणतात, कुणी हडळ म्हणतं, कुणी मुंज्या. बैठकीत विचारलं तर अकराजणींपैकी चौघींनी हात वर केला, आणि चौघींनाही वाटत होतं की गावात आपल्या एकटीलाच असं होतं. जगभर माणसांना हे होतं, आणि प्रत्येक मुलुखात त्या छातीवरच्या भुताला वेगळं नाव आहे. काही सेकंदांत, फार तर एखाद-दोन मिनिटांत ते आपोआप सुटतं. जागरण झालेलं असेल, उताणं झोपलेलं असेल, तर जास्त होतं. तेव्हा धडपड करायची नाही. श्वास सावकाश घ्यायचा आणि एकच बोट हलवायचा प्रयत्न करायचा. कुशीवर झोपायची सवय लावून पाहा.

पहाटेचं स्वप्न खरं होतं का?

हे तर सगळ्यांनीच ऐकलं आहे. माझ्या आईनेही मला हेच सांगितलं होतं. आता झोपेच्या फेऱ्या आठवा. पहिल्या फेरीत ती स्वप्नांची झोप जेमतेम काही मिनिटं असते. रात्र पुढे जाईल तशी ती वाढते, आणि पहाटेच्या फेरीत ती सगळ्यात लांब असते. म्हणजे पहाटे स्वप्नं जास्त पडतात, आणि आपण उठतोही पहाटेच, त्यातूनच जागं होतो, म्हणून तीच लक्षात राहतात. बाकीची रात्रीच विरून जातात. शेकडो स्वप्नं विसरली जातात, त्यांतलं एखादं कशाशी तरी जुळलं की ते मात्र आयुष्यभर सांगितलं जातं. न जुळलेल्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. आपण गटवाल्या बाया, जमेची बाजू लिहायची आणि खर्चाची सोडून द्यायची, असं वहीत चालेल का?

"वाईट स्वप्न सांगू नये" या म्हणण्याने मात्र जास्त नुकसान केलं आहे असं मला वाटतं. का, ते मावशींच्या गोष्टीत कळेल.

मावशींचं स्वप्न

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भागात तेव्हा माळवदाची घरं. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहायची म्हणून आपण त्यांचं कौतुक करायचो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं त्या माळवदांखाली गेली.

मावशी तेव्हा पंचविशीच्या आत होत्या. शेजारी धाकटी नणंद झोपली होती, तेरा-चौदा वर्षांची. मावशींना दिवस वर आल्यावर बाहेर काढलं. नणंदेला काढलं तेव्हा ती गेलेली होती.

स्वप्न असं: काळोख, तोंडात माती, आणि "वहिनी" अशी हाक. मावशी हात पुढे करतात. हात पोचत नाही. तिथेच जाग येते. दरवेळी तिथेच.

पुनर्वसनात सिमेंटचं घर मिळालं. मावशी त्या घरात स्वयंपाक करतात, पूजा करतात, पण झोपतात अंगणात. पावसाळ्यात ओसरीवर, दार सताड उघडं ठेवून. सुना म्हणायच्या, आत्याबाईंना उकडतं. तीस वर्षांत त्यांनी हे स्वप्न नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, "सांगितलं तर पुन्हा भूकंप व्हईल असं वाटायचं." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "आन् मी तिला वाचवलं नाही, हे लोकांना कळंल असं बी वाटायचं."

बैठकीत कुणीच काही बोललं नाही. मग त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या एक मावशी उठल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांचंही घर त्याच रात्री पडलं होतं.

एवढ्या मोठ्या धक्क्यानंतर अशी स्वप्नं पडणं यात वेडेपणा नाही, बाधा तर नाहीच. मन पुन्हा पुन्हा त्या प्रसंगाशी जातं. साध्या भीतीचं स्वप्न मन हळूहळू दुसऱ्या गोष्टींत मिसळून सौम्य करतं. पण भीती फार मोठी असली की माणूस सगळ्यात वाईट क्षणी दचकून जागा होतो, आणि गोष्ट तिथेच तुटते. रोज तिथेच तुटते. बैलगाडी रोज एकाच वाटेने गेली की चाकोरी पडते, मग बैल हाकावेही लागत नाहीत. तसंच काहीसं या स्वप्नाचं होतं.

शेवट बदलायचा

चाकोरी पडते तशी ती मोडताही येते, आणि ते काम दिवसा करायचं असतं. हा उपाय मानसोपचारात वापरला जातो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात डॉ. बॅरी क्रॅको यांनी तो १६८ बायकांवर तपासून पाहिला आणि २००१ साली त्याचे निष्कर्ष छापले. या सगळ्या लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायका होत्या, वर्षानुवर्षं भयानक स्वप्नं पडत होती. काहींना हा उपाय शिकवला आणि काहींना थांबायला सांगितलं. शिकवायला लागल्या तीन बैठका: दोन तीन-तीन तासांच्या आणि नंतर एक तासाभराची. शिकलेल्या बायकांची वाईट स्वप्नं बरीच कमी झाली आणि झोप सुधारली. सगळ्यांची पूर्ण गेली असं नाही.

आता करायचं काय ते सांगते. सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नापासून कधीच करायची नाही. शिवण शिकताना पहिल्याच दिवशी कुणी ब्लाउज कापायला घेत नाही, तसं. एखादं मध्यम त्रासाचं स्वप्न निवडायचं. दिवसाउजेडी, जागेपणी, शांत बसून ते एकदा सांगायचं किंवा लिहायचं. लिहिता येत नसेल तर विश्वासाच्या माणसाला सांगायचं. एकदाच. पुन्हा पुन्हा उगाळायचं नाही.

मग ते स्वप्न बदलायचं. कसं? आपल्याला हवं तसं. सुरुवात बदला, मधलं बदला, शेवट बदला. मागे लागलेला कुत्रा आपला पाळलेला निघू दे. विहिरीत पडताना पायरी लागू दे. खरं वाटायला पाहिजे असं काही नाही, पण आपल्या मनाला ते पटलं पाहिजे. दुसऱ्याने सुचवलेला शेवट चालत नाही, हे मी बैठकीत पाहिलं. चारजणींनी मावशींना सांगितलं, "तिला वाचवलं असं करा की." मावशींनी मान हलवली. "ते खोटं हाय. मन घ्यायचं नाही." बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तिचा हात सापडला, एवढंच करते. हात धरून बसले. मग कुदळीचा आवाज आला आन् उजेड पडला."

हे नवं स्वप्न रोज दिवसा दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. डोळे मिटून, घाई न करता, त्यातले रंग, आवाज, वास सगळं. जुनं स्वप्न मध्ये घुसायला लागलं तर डोळे उघडायचे, पाणी प्यायचं, आसपासच्या पाच वस्तू मोजायच्या, आणि जमलं तर पुन्हा नव्याकडे यायचं. असं निदान दोन-तीन आठवडे करायचं. एका वेळी एकच स्वप्न घ्यायचं. मावशी हे दुपारी शेंगा फोडताना करायच्या. हात कामात असला की मन भरकटत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकात असं कुठे नाही, पण मला ते पटलं.

मोठ्या आघाताचं स्वप्न असेल तर हे एकटीने करू नये, जाणकाराच्या मदतीने करावं. आम्ही मावशींना तालुक्याच्या दवाखान्यामार्फत जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात नेलं होतं. दोन वेळा मी बरोबर गेले. पहिल्यांदा त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता, कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. बाकावर शेजारी आमच्याच गावचे दोघे बसले होते.

काय फरक पडला? पूर्वी आठवड्यातून तीन-चार वेळा जाग यायची, आता महिन्यातून एखादवेळी येते. गणपती गेले की सप्टेंबरच्या शेवटी अजून त्रास होतोच. पण मावशी म्हणतात, आता जाग आली की पुन्हा झोप लागते, पूर्वी लागायची नाही. अंगणात झोपणं चालूच आहे. ते बदलायला आम्ही सांगितलेलंही नाही.

दारातला माणूस

आता सहा हजार मागणाऱ्या ताईकडे येऊ. गटाने कर्ज नाकारलं नाही. फक्त म्हटलं, पंधरा दिवस थांब, तोवर रोज एकीने तुझ्याकडे यायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने स्वप्न सांगितलं. दारात एक माणूस उभा आहे, त्याला तोंड नाही. तो काही बोलत नाही, नुसता हात पुढे करतो. मागे सासू आणि नवरा येऊन उभे राहतात. ताईला ओरडायचं असतं पण आवाज निघत नाही.

आम्ही अर्थ सांगितला नाही. इथे एक सांगते, अमुक दिसलं म्हणजे तमुक होणार अशी स्वप्नांच्या अर्थाची पुस्तकं बाजारात मिळतात. दात पडला की घरातलं कुणी जाणार, साप दिसला की धन मिळणार. ती बाजूला ठेवा. साप सर्पमित्राच्या स्वप्नात आला आणि लेकरू सापाने गमावलेल्या आईच्या स्वप्नात आला, तर त्याचा अर्थ एक कसा असेल? आम्ही फक्त तीन गोष्टी विचारल्या. स्वप्नात तुला नेमकं काय वाटतं? तसंच जागेपणी कधी वाटतं? आणि हे सुरू कधीपासून झालं?

पहिल्याला ती म्हणाली, भीती नाही, लाज वाटते. दुसरा प्रश्न विचारला आणि ती रडायला लागली.

भावाच्या दवाखान्यासाठी तिने एका खासगी कंपनीकडून तीस हजारांचं कर्ज काढलं होतं. घरात माहीत नव्हतं, गटातही सांगितलं नव्हतं. आठवड्याचा हप्ता होता. दोन हप्ते थकले तेव्हापासून वसुलीचा माणूस संध्याकाळी येऊन दारात बसायचा, "पैसे दिल्याशिवाय उठत नाही" म्हणायचा. सासू शेतातून यायच्या आत त्याला घालवायचं म्हणून तिने डोरल्यातले मणी विकले होते. स्वप्न तेव्हापासूनचं.

या स्वप्नाचा शेवट बदलून भागलं नसतं, कारण दारातला माणूस खराच होता. भीतीची स्वप्नं पडतात तेव्हा हे आधी पाहायचं: भीती मागची आहे की आजची? मावशींचा भूकंप होऊन गेला होता. हिचा रोज संध्याकाळी येत होता.

मग काम झोपेचं राहिलं नाही, नेहमीचं झालं. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नियम २०२२ साली आले आहेत. त्याप्रमाणे वसुली करणाऱ्याने धमकी देणं, शिवीगाळ करणं, घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणं, सारखे फोन करणं, सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करणं, हे सगळं मना आहे. ग्रामसंघाच्या दोघी पदाधिकारी तिच्या दारात बसल्या आणि त्या माणसाला हे सांगितलं. घरात सांगायचं काम तिचं तिनेच केलं. आम्ही बाहेर ओट्यावर होतो. सासू काय म्हणाली? "एवढ्यासाठी मणी विकलंस व्हय?" एवढंच. गटाने ठराव करून थकलेल्या हप्त्यांपुरतं कर्ज दिलं, कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहिलं. भगताला सहा हजार गेले नाहीत.

तिला आता स्वप्नं पडत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण त्या माणसाला तोंड आलंय म्हणते, आणि एकदा तर तिने स्वप्नातच त्याला चहा विचारला. सगळ्याजणी हसलो.

स्वप्नाकडून काही शिकता येतं का?

येतं, आणि आपल्या मातीतच त्याचं उदाहरण आहे. संत बहिणाबाई, म्हणजे खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी नव्हेत, त्यांच्या कितीतरी आधीच्या, सतराव्या शतकातल्या. वेरूळजवळच्या देवगावच्या. लहानपणीच वयाने खूप मोठ्या माणसाशी लग्न लागलं. कोल्हापुरात राहत असताना त्यांच्या जिवाचं वासरू मेलं, त्याचं दुःख झालं, आणि नवऱ्याचा मारही होता. त्या काळात तुकाराम महाराज त्यांच्या स्वप्नात आले आणि त्यांनी उपदेश केला, असं बहिणाबाईंनी स्वतःच आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत सांगितलं आहे. नवरा संतापला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानायचं म्हणजे काय, म्हणून. बहिणाबाई मागे हटल्या नाहीत. पुढे नवऱ्याचंही मन पालटलं आणि दोघं देहूला गेले.

भक्तांची जी श्रद्धा आहे ती आहेच. मला यात दिसतं ते असं, की स्वप्नाने बहिणाबाईंना उद्या काय होणार ते सांगितलं नाही. त्यांना काय हवं आहे ते दाखवलं, आणि पुढचं सगळं त्यांनी जागेपणी केलं, मार सोसून केलं. आणि ते स्वप्न त्यांनी लपवलं नाही. लपवलं असतं तर आपल्यापर्यंत आलंच नसतं.

दवाखान्यात कधी जायचं

आठवड्यातून दोन-तीनदा वाईट स्वप्न पडतंय, महिनाभर चाललंय, झोपायचीच भीती वाटते, दिवसा कामात लक्ष लागत नाही, असं असेल तर जा. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार येत असतील तर थांबूच नका, त्याच दिवशी सांगा, त्या बाईला एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारची सेवा आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. २०२२ पासून चालू आहे.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाईट स्वप्नं पडतात. गोळी सुरू केल्यावर स्वप्नं सुरू झाली असतील तर डॉक्टरांना तसं सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करायची नाही. दारू सोडणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसांत भयंकर स्वप्नं पडतात. नवरा रात्री ओरडून उठला तर "बाधा झाली, त्यापेक्षा पिऊ द्या" असं करू नका. रोज पिणाऱ्याने दारू डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी. हातपाय थरथरायला लागले, बडबड सुरू झाली, तर लगेच दवाखाना.

लहान लेकरू झोपल्यावर तासा-दोन तासांत किंचाळून उठतं, डोळे उघडे असतात पण ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, हे वाईट स्वप्न नव्हे. ते गाढ झोपेतून अर्धवट जागं होणं असतं. हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं पाहा. मोठं होईल तसं बहुतेकांचं आपोआप जातं. पहाटे रडत उठून "आई, वाघ आला" म्हणतं ते खरं स्वप्न. त्याला जवळ घ्या, आणि सकाळी वाघाचं चित्र काढायला लावा. मग विचारा, आता या वाघाचं काय करू या?

आणि ज्या बाईला स्वप्नात मार बसतो आणि जागेपणीही बसतो, तिला हा पाठ वाचून दाखवून थांबू नका. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. भूत उतरवतो म्हणून बाईला मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

या महिन्याच्या बैठकीत

बचत मोजून झाल्यावर अर्धा तास ठेवा. ज्यांना सांगायचं आहे त्यांनीच सांगायचं, कुणाला आग्रह नाही. ऐकणाऱ्यांनी अर्थ लावायचा नाही, "मला पण असंच" म्हणून आपलं सुरू करायचं नाही. तीन प्रश्न विचारायचे ते वर आलेच आहेत: काय वाटलं, तसं जागेपणी कधी वाटतं, कधीपासून. इतिवृत्तात फक्त "झोपेच्या पाठावर चर्चा झाली" एवढंच लिहायचं. बैठकीत ऐकलेलं पाणवठ्यावर गेलं, तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही, आणि तो दोष त्या बाईचा नसेल.

१४४१६ हा नंबर प्रत्येकीच्या बचत पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना शेजारणीने लिहून द्यावा.